पगारातील फरक हा शिक्षणाचाच परिणाम मानावा का?

सातपूरकर : नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील फिटरचा आणि इंजिनिअरचा पगार शेजारी शेजारी मांडून ‘शिकलात की एवढे वाढतात’ असे मुलांना सांगितले जाते, हा हिशेब मला पटत नाही. इंजिनिअरिंगपर्यंत पोहोचणाऱ्या मुलाच्या घरी शिकलेले आईवडील, क्लासची फी भरण्याची ऐपत आणि चार ओळखी बहुधा आधीपासूनच असतात, त्यामुळे तो बारावीला थांबला असता तरी इतरांपेक्षा जास्तच कमावता. अर्थशास्त्रज्ञ जेकब मिन्सर यांच्या कमाईचा हिशेब मांडणाऱ्या १९७४ च्या सुप्रसिद्ध सूत्रात शिक्षणाची वर्षे आणि अनुभव धरलेला आहे. घरच्या परिस्थितीला त्यात जागा नाही.

कॉलेज रोड : आक्षेप रास्त आहे, पण तो अनुत्तरित नाही. इंडोनेशियाच्या सरकारने १९७३ नंतरच्या पाच-सहा वर्षांत ६१,००० हून अधिक प्राथमिक शाळा बांधल्या आणि जिथे जास्त मुले शाळेबाहेर होती, तिथे जास्त बांधल्या. शाळा येईपर्यंत ज्यांचे वय उलटून गेले होते ते आणि त्यांच्या मागची धाकटी पिढी यांच्या शिक्षणातील व वेतनातील तफावत कमी शाळांच्या व जास्त शाळांच्या भागांत किती वेगळी पडते, हे अर्थशास्त्रज्ञ एस्थर डफ्लो यांनी २००१ मध्ये तपासले. शाळा बांधली जाणे कोणा एका बापाच्या ऐपतीवर अवलंबून नव्हते; तरीही शिक्षणाच्या दर वर्षामागे वेतनात ६.८ ते १०.६ टक्के वाढ आढळली.

सातपूरकर : ते प्राथमिक शाळेबद्दल झाले, तोच आकडा पदवीला कसा चिकटवणार? शिवाय अशा युक्त्या सर्वत्र चालत नाहीत. अँग्रिस्ट आणि क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये अमेरिकेतील जन्माच्या तिमाहीवरून हाच परिणाम मोजला; तिथे सक्तीच्या शिक्षणाच्या वयोमर्यादेमुळे जन्म वर्षाच्या कोणत्या तिमाहीतला, यावर शाळेची वर्षे थोडी कमी-जास्त होत. आपल्याकडे मागच्या पिढीत निम्मा वर्ग हेडमास्तरांच्या कृपेने १ जूनला जन्मलेला असे!

निफाडकर : आपण दोघेही पगाराच्याच गोष्टी करत आहात. पदवी घेऊन घर सांभाळणारी सून वेतनाच्या आकडेवारीत येतच नाही. आमच्याकडे वडील चौथी पास, मुलगा कृषी पदवीधर आणि बाग एकच. छाटणीचा निर्णय वडिलांचा, औषधांचे वेळापत्रक मुलाचे. मग निर्यातीच्या द्राक्षाला मिळालेल्या भावातला कोणता हिस्सा कोणाच्या शिक्षणाच्या नावावर लिहायचा?

कॉलेज रोड : घरातल्या घरात ती वाटणी होणार नाही, हे मान्य. परंतु पदवीधर मुलगा असलेल्या आणि नसलेल्या बागांची चार-पाच हंगामांची तुलना निश्चितच करता येईल.

निफाडकर : करा की. मात्र ज्यांनी मुलाला कृषी महाविद्यालयात पाठवले, त्यांच्या बागेला पाणी आधीपासून होते का, हे आधी पाहा.