मुख्य टाकी अर्धी भरून ठेवू नका

छोट्या पाणबुडीची मुख्य बॅलास्ट टाकी (बुडताना पाणी आणि वर येताना हवा भरायची टाकी) अर्धवट भरून पाणबुडी हव्या त्या खोलीवर स्थिर ठेवायची, असा सल्ला कुणी देतं. कृपया हे करू नका. तळाशी उघड्या असलेल्या टाकीतली हवा खोलीबरोबर दबत जाते. पृष्ठभागावरची १०० लिटर हवा १० मीटरवर जेमतेम ५० लिटर उरते. म्हणजे जरा खाली गेलात की उत्प्लावन (पाण्याचा वर ढकलणारा जोर) घटतं, आणि पाणबुडी आणखी वेगाने खाली जाते. वर येतानाही तेच, उलट दिशेने. शिवाय अर्ध्या टाकीतलं पाणी पुढे-मागे धावतं ते वेगळंच.

मुख्य टाक्या बुडी मारताना पूर्ण भरा. आतबाहेर दाब सारखाच असल्याने त्यांना पातळ पत्रा चालतो, फक्त हवा सोडायची झडप सगळ्यात उंच जागी हवी. बारीक तोल साधायला पूर्ण दाब सोसणारी वेगळी छोटी टाकी घ्या. गोड्या आणि खाऱ्या पाण्यात २ टन विस्थापनामागे (म्हणजे पाणबुडीने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनामागे) साधारण ५० किलोचा फरक पडतो, तो तिच्या मापात धरा.

हवेचा साठा मात्र खोलीवरच्या हिशोबाने मोजा: ३० मीटरवर २०० लिटर पाणी हटवायला पृष्ठभागावरची ८०० लिटर हवा खर्ची पडते. ती संपली तरी वर येता यावं म्हणून आतून सोडता येणारं वजन हवंच हवं.