एनएसएस: आधी गळती थांबवा, मग पोस्टर छापा

निर्माल्यकलश
जुलै उजाडला की मुंबईतल्या कॉलेजांच्या पोर्चमध्ये राष्ट्रीय सेवा योजनेचं, म्हणजे एनएसएसचं, टेबल लागतं. स्टँडी, क्यूआर कोड, टी-शर्ट घातलेले दोन टीवायचे लीडर. शंभर जणांच्या युनिटसाठी दीडशे-दोनशे फॉर्म सहज भरून येतात. अनंत चतुर्दशी होईपर्यंत शनिवारच्या मस्टरवर त्यातले निम्मेही दिसत नाहीत. दिवाळीनंतर निवासी शिबिराची पन्नास नावं जमवायला लीडर पुन्हा वर्गावर्गात फिरतात. आणि पुढच्या मीटिंगमध्ये ठरतं काय, तर इन्स्टावर रील वाढवूया!

माझं म्हणणं असं की जुलैचे ते चार दिवस सोडले तर पहिल्या सत्रात नवे सभासद मिळवायला एकही पोस्टर निघू नये. तोच वेळ, तोच पैसा आलेल्यांना टिकवण्यावर लावावा. मुलं कुठे सुटतात ते नीट पाहिलं तर कळतं.

पहिल्यांदा सुटतात ती ओरिएंटेशनला. प्रत्येक स्वयंसेवकाने वर्षाला द्यायच्या १२० तासांतले २० तास त्यासाठी आहेत. ते सेमिनार हॉलमध्ये भाषणं ठेवून उरकले की अठरा वर्षांच्या मुलाच्या लेखी ते आणखी एक लेक्चर. योजनेच्या माहितीला दोन तास पुरेत. उरलेले प्रथमोपचार, वस्तीतल्या सर्वेक्षणाचा फॉर्म भरणं, पथनाट्यात माइकशिवाय आवाज पोचवणं, अशा हाताला काही शिकवणाऱ्या गोष्टींना द्यावेत.

मग कॅम्पसवरचं काम. नियमावलीत आवारातल्या कामाला वर्षाला ३० तासांची मर्यादा आहे, ७० तास समाजात जायला हवेत. प्रत्यक्षात पदवीदानाच्या खुर्च्या, ॲडमिशनची रांग, फेस्टचं गेट, कॉलेजचा दर्जा तपासणाऱ्या नॅकच्या समितीला द्यायचे गुच्छ, यातच तास भरतात. सेवेसाठी आलेल्या मुलाला आपण बिनपगारी शिपाई करतो. तो भांडत नाही, नुसता यायचा थांबतो.

आणि प्रवास. विद्यार्थ्याचा रेल्वे पास घर ते कॉलेज एवढाच. विरारहून चर्चगेटला शिकायला येणाऱ्या मुलीला रविवारी सकाळी सातला शिवडीला बोलावलं तर वेगळं तिकीट, मध्ये गाडी बदलून हार्बर, आणि परतताना मेगाब्लॉक. दोनदा येईल, तिसऱ्यांदा नाही.

म्हणून शंभर जणांचे दहा गट करा, पण वर्गवार नव्हे, रेल्वेच्या मार्गावर. वसई-विरारचे एकत्र, ठाण्यापुढचे एकत्र, हार्बरचे एकत्र. प्रत्येक गटाला एसवायचा एक लीडर. सलग दोन उपक्रम चुकले की तीन दिवसांच्या आत लीडरचा फोन गेला पाहिजे. मेसेज नको, फोनच. विचारायचं एवढंच: वेळ जमत नाही, जागा लांब पडते, की काम आवडत नाही? वेळेची अडचण असेल तर घरून करायचं काम द्या, सर्वेक्षणाचे फॉर्म एक्सेलमध्ये चढवणं किंवा पत्रकाचं भाषांतर. जागा लांब असेल तर गट बदला. काम आवडत नसेल तर काम बदला. हे ऑगस्टमध्येच झालं पाहिजे. सप्टेंबरात इंटर्नल आणि गणपती एकत्र आले की फोनही कोणी उचलत नाही.

फलकलेखक
निदान पटलं, औषध नाही. तुम्ही प्रसिद्धी म्हणजे भरती असं धरून चालला आहात. युनिट ज्यांच्या होकारावर चालतं ती माणसं जुलैच्या टेबलापाशी कधी येतच नाहीत. हजेरी माफ करणारे विषयाचे प्राध्यापक, मुलीला सात दिवस बाहेरगावी पाठवायचं की नाही ते ठरवणारे आईबाबा, युनिटने कामासाठी दत्तक घेतलेल्या वस्तीतले रहिवासी, महापालिकेचं वॉर्ड ऑफिस. यांच्यापर्यंत पहिल्या सत्रात काहीच गेलं नाही तर डिसेंबरात शिबिराला मुली मिळत नाहीत, आणि तुम्ही ती गळतीत धरता.

शिबिराचं एक पान पालकांच्या हातात सहा आठवडे आधी पडायला हवं. मराठी आणि हिंदीत, वस्ती पाहून उर्दू किंवा गुजरातीतही. त्यात समाजसेवेचं महत्त्व लिहू नका. गाव-तालुका कोणता, मुक्काम शाळेत की आश्रमशाळेत, मुलींच्या खोलीत रात्री कोणत्या शिक्षिका झोपणार, संडास-न्हाणीघर किती आणि आतून कडी आहे का, जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किती अंतरावर, मोबाइलला रेंज नसेल तर घरी फोन कुठून आणि किती वाजता, एवढं लिहा. मग शनिवारी दुपारी पालकसभा, आणि तिथे प्राचार्यांऐवजी गेल्या वर्षी शिबिराला गेलेल्या मुलींच्या आयांना बोलू द्या. जव्हार किंवा मुरबाडच्या गावात मुलगी सात दिवस कशी राहिली ते एका आईने दुसरीला सांगितलं की निम्म्या शंका तिथेच मिटतात.

प्राध्यापकांसाठी प्रत्येक उपक्रमाचा एकच कागद: तारीख, वेळ, कोणत्या वर्गातले कोण, कोणतं लेक्चर चुकलं. महिन्याच्या शेवटी सगळं एकदम नेलं तर सह्या मिळत नाहीत. उपक्रमानंतर दोन दिवसांत न्या.

कॉलेजातल्या युनिटच्या फलकाबद्दलही थोडं, कारण तिथेच सगळ्यात जास्त चुकतं. जागा कँटीनच्या वाटेवरची, ऑफिसबाहेरची नव्हे. मजकूर दर सोमवारी बदलायचा. काम चालू असतानाचा एक फोटो, झालेल्या कामाच्या दोन ओळी, आणि पुढच्या कामाचा वार, वेळ, स्टेशन व स्टेशनची बाजू: 'शनिवार, सकाळी ८, माहीम पश्चिम, तिकीट खिडकीजवळ'. पाहुण्यांना शाल-श्रीफळ देतानाचा फोटो कुणी दुसऱ्यांदा पाहत नाही. आवाराबाहेर भिंतीवर, खांबावर काही चिकटवू नका. मालमत्तेचं विद्रूपण रोखणारा राज्याचा १९९५ चा कायदा आहे. स्वच्छतेचं काम करणाऱ्या युनिटचंच पोस्टर पुलाच्या खांबावर दिसणं शोभत नाही.

पीओ_उपनगर
गटांची कल्पना चांगली आहे. पण दोघांनीही मूळ कारणाला हात लावला नाही. गळती पोस्टरवरच्या एका ओळीमुळे होते: 'दहा गुण मिळवा'. मुंबई विद्यापीठात तास पूर्ण करणाऱ्याला ही सवलत वर्षानुवर्षं मिळत आली, आता नव्या शैक्षणिक धोरणात क्रेडिट आलं. गुणांसाठी आलेला मुलगा तास मोजतो. सही झाली की निघतो, आणि बाकीच्यांना तेच शिकवतो. १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन ही योजना सुरू झाली ती 'मी नव्हे, तुम्ही' या भावनेने. पोस्टरवरून गुण काढा. फॉर्म ऐंशीच येऊ देत.

रात्रपाळी
सर, आदर राखून ठाम विरोध. सकाळी सातची बॅच करून दुपारी दुकानात किंवा कॉल सेंटरला जाणाऱ्या मुलांचा विचार करा. त्यांच्या घरी 'फुकटचं काम कशाला' हा प्रश्न रोज विचारला जातो, आणि गुण हे घरी देता येणारं एकमेव उत्तर असतं. ती ओळ काढलीत तर जे ऐंशी उरतील ते ज्यांना कमवावं लागत नाही असे. ते तुम्हाला चालणार आहे का?

तास मोजले जाण्याची भीती असेल तर मोजणी चोख करा. कामाच्या जागी पोचल्यावर एक सही, निघताना दुसरी. डायरीत त्या दिवसाच्या तीन ओळी जागेवरच. चार तासांच्या कामाला आठ तास लावून देणारा लीडर हा युनिटचा खरा शत्रू. प्रामाणिकपणे चार तास राबलेल्या मुलाला ते दिसतं आणि त्याचं मन उडतं. आठवड्याचं गणितही आधी मांडून दाखवा. ओरिएंटेशन वजा जाता १०० तास, परीक्षा आणि सुट्ट्या सोडून हाती साधारण वीस आठवडे, म्हणजे आठवड्याला पाच तास. नोकरी करणाऱ्याला हे जुलैतच कळलं तर तो ठरवू शकतो. मार्चमध्ये कळलं तर खोट्या सह्या शोधतो.

पीओ_उपनगर
दोन सह्यांचं पटलं. कमावणाऱ्या मुलांचा मुद्दाही मान्य, तो माझ्या विचारात नव्हता. तरी गुणांची ओळ सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात नको, एवढा आग्रह राहील. खाली, तासांच्या हिशेबाशेजारी असू दे.

रक्तसाठा
प्रसिद्धीची भूक कामाचं काय करते ते रक्तदान शिबिरात पाहा. 'यंदा ३०० पिशव्या' असा फलक लावायचा म्हणून एकाच आठवड्यात शेजारशेजारची तीन कॉलेजं शिबिरं घेतात. लाल पेशी साधारण ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट पाच दिवस. सप्टेंबरात साठा ओसंडतो. मे महिन्यात कॉलेजं बंद, मुंबईकर गावी, आणि थॅलेसेमियाच्या मुलांना तर दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच. पोस्टर करायचंच तर एप्रिलच्या शेवटी, परीक्षा संपण्याच्या दिवशी करा. त्याआधी रक्तपेढीला विचारा की त्यांना किती पिशव्या हव्यात. चाळीस म्हणाले तर चाळीसच.

याचा टिकण्याशी थेट संबंध आहे. हिमोग्लोबिन १२.५ पेक्षा कमी म्हणून परत पाठवलेल्यांत मुली खूप असतात. त्यांना टेबलावरून नुसतं 'तुमचं होणार नाही' सांगितलं जातं आणि त्या अपमान वाटून घरी जातात. लीडरला आधीच माहीत हवं: वजन किमान ४५ किलो, वय १८ पूर्ण, पुरुषांना दोन दानांमध्ये ९० दिवस, स्त्रियांना १२० दिवस. ही माहिती चार दिवस आधी ग्रुपवर टाका, सोबत 'रात्री नीट झोप, सकाळी पोटभर नाश्ता'. सकाळची लोकल पकडून उपाशी आलेलीच मुलं चक्कर येऊन पडतात. परत पाठवलेल्या मुलीला तिथल्या तिथे काम द्या, नोंदणी किंवा दान झालेल्यांवर पंधरा-वीस मिनिटं लक्ष ठेवणं. आणि डॉक्टरांकडून तिला आहाराचा, तपासणीचा सल्ला मिळाल्याशिवाय पाठवू नका.

फलकलेखक
पिशव्यांच्या आकड्याबद्दल पूर्ण सहमत. किनारा सफाईतही तेच होतं. फोटोसाठी वाळूवर पोती रचली जातात. उचलायला पालिकेची गाडी ठरवलेली नसते. भरती आली की तोच कचरा पुन्हा समुद्रात. जुहू-वर्सोव्याला काम करायचं तर पालिकेच्या के पश्चिम वॉर्ड ऑफिसला आठवडाभर आधी पत्र, ओहोटीची वेळ पाहून सुरुवात, आणि गाडी येईपर्यंत दोघं पोत्यांपाशी थांबलेले. विसर्जनाला निर्माल्य गोळा करणाऱ्यांना तर पाण्यात पाऊलच टाकू देऊ नका, बूट घालूनही नाही. त्या दिवसांत किनाऱ्याजवळ पाकट आणि जेलीफिश येतात आणि दंश होतात. 'मूर्तीसोबत फोटो' म्हणून मुलं पुढे सरकतात तेव्हा लीडरने ओरडायलाच हवं.

बालगृहात गेलात तर मुलांचे चेहरे, नावं इन्स्टावर नकोत. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ त्यांची ओळख उघड करायला मनाई करतं. हातांचा, चित्रांचा, रंगवलेल्या भिंतीचा फोटो चालतो.

नव्वदफुटी
निर्माल्यकलश यांच्या रेल्वेवार गटांना एक आक्षेप. मुंबईत मार्गावर गट केले की बऱ्याचदा घरची परिस्थिती आणि भाषाही एकसारखी होते. दक्षिण मुंबईचे एकीकडे, कळवा-मुंब्र्याचे दुसरीकडे, धारावीचे आमचे आमच्यात. कफ परेडच्या मुलाने कुंभारवाड्यातल्या पोरासोबत एकाच बादलीत रंग कालवावा, हाच या योजनेचा मोठा फायदा आहे. गटांनी तो जायला नको. आणखी एक. दत्तक वस्तीतल्या लोकांना दर वर्षी नवे चेहरे येऊन तेच सर्वेक्षण करतात याचा कंटाळा आला आहे. मागच्या सर्वेक्षणाचं काय झालं ते सांगितल्याशिवाय नवा फॉर्म घेऊन दार वाजवू नका.

निर्माल्यकलश
नव्वदफुटी, हा आक्षेप मी मान्य करतो. मग असं करूया: एकत्र प्रवासासाठी आणि फोनसाठी रेल्वेवार गट, प्रत्यक्ष कामासाठी चिठ्ठ्या टाकून पाच-पाच जणांच्या मिश्र तुकड्या, त्याही दर महिन्याला नव्या. लीडरचं काम वाढेल, म्हणून प्रत्येक दहामागे एक उपलीडर एफवायचा घ्या. पुढच्या वर्षीचा लीडर तिथूनच तयार होतो.

फलकलेखक यांचं पालकांचं पान आणि प्राध्यापकांचा कागदही घेतो, ते पहिल्या सत्रातच हवेत. पण सभासद मिळवण्याचं पोस्टर आणि रोजची रील यांना माझा विरोध कायम आहे. एक रील कापायला दोन मुलांचे चार तास जातात. तेवढ्यात पंचवीस गैरहजरांना फोन होतात.

फलकलेखक
रील महिन्याला एक, आणि ती बनवणाऱ्यांचे तास कॅम्पसच्या तीस तासांत मोजा. एवढ्यावर थांबू.

सातची_बॅच
गट कसे करायचे ते कळलं. आमच्या युनिटचा उपक्रम रविवारीच असतो, शनिवारी प्रॅक्टिकल. मेगाब्लॉकचं काय करायचं?

निर्माल्यकलश
ब्लॉक सहसा सकाळी दहा-अकरानंतर सुरू होतो आणि दुपारभर चालतो. वेळापत्रक एक-दोन दिवस आधी जाहीर होतं. शुक्रवारी रात्री लीडरने ते पाहून ग्रुपवर टाकायचं, फक्त ॲडमिन लिहू शकतील अशा ग्रुपवर, नाहीतर शुभ सकाळच्या गर्दीत बुडतं. काम सातला सुरू करून दहाच्या आत आटपा. ज्या मार्गावर ब्लॉक असेल त्या गटाला त्या दिवशी त्यांच्याच बाजूचं काम द्या.