नाडीचा हिशेब आणि बीपीची गोळी

चालण्याचा व्यायाम करताना २२० मधून वय वजा करा आणि त्याच्या ७० टक्क्यांवर नाडी ठेवा, हा नेहमी सांगितला जाणारा हिशेब तरण्या पोरांना ठीक आहे. तिथंही माणसागणिक १०-१२ ठोक्यांचा फरक सहज पडतो. पण बीपीसाठी मेटोप्रोलॉल किंवा अ‍ॅटेनोलॉल घेणाऱ्यांना तो कृपा करून लावू नका. ही गोळी नाडी दाबूनच ठेवते. माझे बाबा ६२ वर्षांचे, हिशेबानं ११० यायला हवे. दारव्हा रोडवर ते घामानं निथळत होते, बोलताना शब्द तुटत होता, अन् घड्याळात फक्त ९४! आकडा गाठायचा म्हणून ते आणखी जोरात निघाले. मी हात धरून थांबवलं.

तेव्हापासून आमचं माप एकच: चालताना पूर्ण वाक्य बोलता यावं, गाणं मात्र म्हणता येऊ नये. शेजारच्या काकांसोबत कापसाच्या भावावर बोलत चालतात, वाक्य तुटलं की वेग कमी. मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की हेच कामी येतं. उन्हात रक्त कातडीकडे वळतं, घामानं अंगातलं पाणी घटतं, म्हणून नेहमीच्याच चालीला नाडी जास्त पळते. त्या दिवसांत आम्ही पहाटे पाचलाच निघतो.