चार जागांचा प्रभाग, पुरोगामी पॅनेल आणि मोजके पैसे : महापालिकेची तयारी कुठून सुरू करायची?

मधुरा_क

पुण्यातल्या एका चार सदस्यांच्या प्रभागात आमचा गट आहे. काही जण पथारीवाले आणि घरेलू कामगारांच्या संघटनांमध्ये आहेत, काही जण बस आणि फुटपाथच्या प्रश्नांवर काम करतात, दोन निवृत्त शिक्षक आहेत. जानेवारी 2026 ला आम्ही कुणीच उभे नव्हतो. पुढच्या वेळी, किंवा मध्येच पोटनिवडणूक लागली तर, उतरायचं ठरतंय. मोठ्या पक्षाचं तिकीट मागायचं नाही.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. अपक्ष लढावं की नोंदणीकृत छोट्या पक्षाकडून, आणि एकच जागा की चारही? अर्ज बाद होऊ नये म्हणून कोणते कागद किती आधी हवेत? चार-पाच लाखच जमतील, ते कुठे घालावेत? शिवाय एक अडचण आहे. आमचे विचार लपवायचे नाहीत, पण 'पुरोगामी' म्हटलं की दार लावून घेणाऱ्या सोसायट्याही प्रभागात आहेत. तिथे बोलायचं काय?

जुना_बूथवाला

आधी आकडे मांडा. पुण्यात 41 प्रभाग आणि 165 जागा. मतदार साधारण साडेपस्तीस लाख, म्हणजे प्रभागाला सरासरी 86 हजार. निम्म्यांनी मत दिलं तर 43 हजार माणसं केंद्रावर येतात आणि प्रत्येक जण अ, ब, क, ड अशी चार मतं देतो. चौरंगी लढतीत जागा काढायला 15-16 हजार मतं लागतील असं धरून चाला. मुंबईत 227 प्रभाग एकेका जागेचे आहेत, तिथे घराघरांतली ओळख पुरते. तिथल्या अपक्षांचं उदाहरण इथे लावू नका.

आता दिवस मोजा. गेल्या वेळी 15 डिसेंबरला कार्यक्रम जाहीर झाला, 23 ते 30 डिसेंबर अर्ज, 31 ला छाननी, 2 जानेवारीपर्यंत माघार, 3 ला चिन्हं, 15 ला मतदान. अपक्षाच्या हातात चिन्ह येतं आणि प्रचार संपायला जेमतेम दहा दिवस उरतात. 86 हजार मतदारांची घरं साधारण 24 हजार. दोघांची जोडी संध्याकाळच्या अडीच तासांत नीट बोलून 40-45 दारं करते. वीस जोड्या दहा दिवस रोज फिरल्या तरी नऊ हजारांच्या पुढे जात नाही. म्हणून ओळखीची फेरी चिन्हाच्या आधी, निदान आठ-दहा महिने चालू हवी. शेवटच्या दिवसांत फक्त 'ही जागा, हे चिन्ह' एवढंच सांगायला जायचं.

एक की चार? माझं मत चार, निदान तीन. एकट्याने 'क' जागा लढवलीत तर समोरचं पॅनेल 'चारही बटणं एकाच चिन्हाची' असं सांगतं, आणि मतदाराला तेच सोपं पडतं. तुम्ही त्याला तीन ठिकाणी एक आणि एका ठिकाणी दुसरं करायला सांगत असता. शिवाय सगळे अपक्ष असाल तर चौघांना एकच मुक्त चिन्ह (कुठल्याच पक्षासाठी राखून न ठेवलेलं) मिळेलच याची खात्री नाही. नोंदणीकृत पक्षाकडून किंवा आघाडीकडून लढलात तर ती शक्यता वाढते. यंत्रावरची नावंही आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणीकृत पक्ष, शेवटी अपक्ष अशी लागतात, त्या त्या गटात आडनावाच्या अक्षरानुसार.

उमेदवार मात्र आत्ताच पक्के करू नका. कोणती जागा कुणासाठी हे आरक्षणाच्या सोडतीत ठरतं, आणि गेल्या वेळी सोडत 11 नोव्हेंबरला निघाली, म्हणजे मतदानाच्या दोन महिने आधी. निम्म्या जागा महिलांच्या असतात. चार जागांसाठी सहा-सात नावं तयार ठेवा, त्यांत निम्म्याहून जास्त बायका, आणि अनुसूचित जाती व मागासवर्गातल्या कार्यकर्त्यांचे कागद आधीच पुरे केलेले. पुरोगामी म्हणवणाऱ्या गटांची अर्धी फजिती इथेच होते. भाषणं करणारे पुरुष ढीगभर, आणि जागा निघते ओबीसी महिलेची.

दाखला_शाखा

कागदांचं मी सांगते.

वय 21 पूर्ण हवं आणि नाव महापालिका हद्दीतल्या मतदारयादीत हवं. ते कुठल्याही प्रभागात असलं तरी चालतं, पण सूचक आणि अनुमोदक त्याच प्रभागातले मतदार लागतात. ज्यांना सूचक करताय त्यांचा यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक अंतिम यादीवरून उतरवा, जुन्या विधानसभेच्या यादीवरून नको. प्रभागाची यादी विधानसभेच्या यादीचे तुकडे करून बनते आणि इमारतीच्या इमारती शेजारच्या प्रभागात गेलेल्या सापडतात. सूचक छाननीला 'प्रभागाबाहेरचा' निघाला तर अर्ज तिथेच संपतो. एकाच उमेदवाराचे दोन अर्ज वेगवेगळ्या सूचकांसह भरून ठेवा.

अनामत सर्वसाधारण जागेला 5,000, महिला आणि राखीव प्रवर्गाला 2,500.

राखीव जागेवर जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र. वैधता नसेल तर पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पोच आणि निवडून आल्यावर 6 महिन्यांत देतो असं हमीपत्र. ते वेळेत दिलं नाही तर निवड रद्द होते. बायकांच्या बाबतीत इथेच वेळ जातो, कारण जात वडिलांकडून धरतात. दाखला माहेरच्या नावाचा, मतदारयादी सासरच्या नावाची. दोन्ही नावं जोडणारा विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र लागतं, आणि वडील-आजोबांच्या शाळेच्या नोंदी बहुतेक वेळा गावाकडे असतात. हे काम वर्षभर आधी काढा. सोडतीनंतर सेतूच्या रांगेत उभं राहून जमत नाही.

शपथपत्रात मालमत्ता, देणी, गुन्हे, शिक्षण, स्वतःचं, जोडीदाराचं आणि अवलंबितांचं. एकही रकाना कोरा ठेवायचा नाही. काही नसेल तर 'निरंक' किंवा 'लागू नाही' लिहा, रेघ ओढू नका. आंदोलनातले गुन्हे सगळे लिहा, जमावबंदी मोडल्याचेही. पोलीस ठाण्यातून आणि न्यायालयातून प्रत्येक प्रकरणाचा क्रमांक, कलम आणि आजची स्थिती काढून घ्या. चळवळीतल्या माणसांच्या नावावर दहा-दहा वर्षांपूर्वीचे असे खटले पडून असतात, त्यांनाही आठवत नाहीत. विरोधकांना बरोबर आठवतात.

अपत्यांची अट विसरू नका. सप्टेंबर 2001 मध्ये ठरलेल्या तारखेनंतर तिसरं मूल झालं असेल तर अपात्र. पालिकेशी कंत्राटात हितसंबंध असेल तर अपात्र, म्हणजे बचत गटाच्या नावाने पालिकेचं काम घेतलं असेल तरी वकिलाला विचारा. मिळकतकर, पाणीपट्टी यांची थकबाकी नसल्याचा दाखला, शौचालय वापराचं स्वयंघोषणापत्र हेही संचात ठेवा. स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या नावे अनधिकृत बांधकाम असेल तर निवडून आल्यावरही पद जाऊ शकतं. वस्तीतल्या उमेदवाराचं घर कोणत्या नोंदीत आहे ते आधी बघून ठेवा.

नोंदणीकृत पक्षाकडून असाल तर एबी फॉर्म, म्हणजे पक्षाने उमेदवारी दिल्याचं पत्र, अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत अधिकाऱ्याच्या हातात. तीननंतर आणलेला कागद कागदच राहतो.

हिशेबनीस

पुण्यात उमेदवाराची खर्चमर्यादा 15 लाख आहे. मुंबई, नागपूर त्याच वर्गात. नाशिक, ठाणे, पिंपरी-चिंचवड 13, मग 11, आणि लहान महापालिकांना 9. तुम्ही तिथवर जाणारच नाही. पण हिशेब न देण्याची शिक्षा मर्यादा ओलांडण्याएवढीच वाईट आहे. निकालानंतर 30 दिवसांत खर्च सादर केला नाही तर आयोग तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतो. हरलेले उमेदवार नेमके इथे गाफील राहतात आणि पुढची निवडणूक घालवतात.

प्रत्येक उमेदवाराचं खर्चासाठी वेगळं बँक खातं, अर्ज भरण्याआधी उघडलेलं. सगळा पैसा त्यात आणि त्यातूनच बाहेर. चहा, वडापाव, खुर्च्या, रिक्षा, स्पीकर यांचे दर निवडणूक कार्यालय ठरवून देतं. कुणी मंडप फुकट दिला तरी त्या दराने तुमच्या खर्चात धरला जातो. चौघांची एकत्र सभा असेल तर खर्च चौघांत वाटा आणि तसं बिलावर लिहून घ्या.

आता देणगीबद्दल, कारण लोकवर्गणीवर लढणारे इथे चुकतात. प्राप्तिकराची सवलत नोंदणीकृत पक्षाला दिलेल्या देणगीवर आहे, अपक्ष उमेदवाराला दिलेल्या नाही. वर, नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात 50 हजारांपेक्षा जास्त रक्कम उमेदवाराच्या खात्यात आली तर ती त्याचं उत्पन्न धरली जाऊ शकते. शंभर-शंभर रुपयांची वर्गणी ऐकायला छान वाटते, पण आधी सीएला विचारून वर्गणी पक्षाच्या किंवा आघाडीच्या खात्यात घ्यायची का ते ठरवा. अपक्ष की पक्ष या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथे दिसतं.

पाच लाख चौघांचे मिळून असतील तर फ्लेक्सवर एक रुपया घालू नका. 24 हजार घरांना दोन फेऱ्यांत पत्रक म्हणजे 48 हजार प्रती. रुपया-सव्वा रुपया प्रत धरली तर 50-60 हजार. त्यावर मुद्रक, प्रकाशक आणि प्रतींची संख्या छापलेली हवीच. नमुना मतपत्रिका काढा, पण तिचा रंग आणि आकार खऱ्यासारखा नको. उरलेल्यातला मोठा हिस्सा मतदानाच्या दिवसासाठी आणि यादीच्या कामासाठी ठेवा.

वस्ती_ते_सोसायटी

विचार लपवू नका, पण दारात विचारसरणीचं व्याख्यानही देऊ नका. नगरसेवकाच्या हातात काय आहे तेवढ्यावर बोला. सोसायटीत पाणी, मिळकतकर, फुटपाथ, नाल्याचा वास. वस्तीत सार्वजनिक शौचालयाची सफाई, दवाखान्यातली औषधं, पथारी परवाना. दोन्हीकडे एकच धागा ठेवा : पालिकेचा पैसा ठेकेदाराकडे जातो की सेवेकडे.

उदाहरण देते. पीएमपीएमएलची, म्हणजे दोन्ही शहरांच्या बससेवेची, तूट पुणे महापालिका 60 टक्के आणि पिंपरी-चिंचवड 40 टक्के भरते. बस वाढवायची की उड्डाणपूल बांधायचा, हा अंदाजपत्रकातला निर्णय आहे, आणि तो दुचाकीवर अडकलेल्या आयटीतल्या मुलीलाही कळतो. ठेक्यावरच्या सफाई कामगाराला किमान वेतन आणि भविष्य निर्वाह निधी मिळतो का, हा प्रश्न 'कामगारांचा' म्हणून न मांडता 'तुमच्या गल्लीत रोज तोच माणूस का येत नाही' असा मांडला की सोसायटीचे अध्यक्षही ऐकतात. पथारीवाल्यांबद्दल विरोध होणारच. तिथे 2014 च्या कायद्यानुसार फेरीवाला समिती आणि ठरलेली जागा हेच बोला. 'हटवा' आणि 'राहू द्या' या भांडणात पडू नका.

शिवाय पुण्यात 2006-07 पासून नागरिकांना अंदाजपत्रकात कामं सुचवता येतात. निवडणुकीची वाट न पाहता दर वर्षी प्रभागातून वीस-पंचवीस अर्ज भरा, कोणतं घेतलं, कोणतं नाकारलं आणि का, ते कागदावर ठेवा. नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांच्या 'स' यादीतला खर्च माहिती अधिकारात काढून गल्लीनिहाय मांडा. प्रचारात हा तक्ता शंभर घोषणांपेक्षा जास्त चालतो.

जात-धर्मावरून व्हॉट्सअॅपवर चिखल उडेल. प्रत्येक फॉरवर्डला उत्तर देऊ नका. त्या सोसायटीतल्या ओळखीच्या एका माणसाने एकदा उत्तर द्यावं, बस्स.

मधुरा_क

कागदांचं आणि वर्गणीचं काहीच माहीत नव्हतं, आभार. एक शंका. आमच्याच विचारांचा दुसरा गट त्याच प्रभागात तयारी करतोय. दोघे उभे राहिलो आणि शेवटी एकाने पाठिंबा दिला तर चालेल ना?

जुना_बूथवाला

नाही चालत. माघारीची वेळ उलटली की नाव यंत्रावर राहतं, तुम्ही कितीही पत्रकार परिषदा घ्या. पाठिंबा दिलेल्यालाही पाच-सातशे मतं पडतात, आणि तुमची जागा तेवढ्यावरच जाते. बोलणी सोडतीच्या आठवड्यात संपवा, जागा वाटून घ्या, आणि जास्तीचे अर्ज माघारीच्या दिवशी स्वतः हजर राहून काढून घ्या.

निवडून आल्यावरचाही विचार करा. स्थायी समितीत 16 जण असतात आणि ते पक्ष-गटांच्या संख्याबळाच्या प्रमाणात जातात. एकटा अपक्ष सभागृहात बोलेल, पण पैशाच्या टेबलापर्यंत पोहोचणार नाही. दोन्ही गटांना एका आघाडीत बसवायचं हेही एक कारण.

आणि बूथचं राहिलं. केंद्राला नऊशे मतदार धरले तर प्रभागात 95 केंद्रं. तुमच्याकडे तेवढी माणसं नसतील, म्हणून जिथे वर्षभर काम केलंय ती 35-40 निवडा आणि प्रत्येकाला दुपारी बदली माणूस ठेवा. मतदान साडेसातला सुरू होतं. प्रतिनिधी साडेसहाच्या आत केंद्रावर हवा, म्हणजे अभिरूप मतदान, यंत्राची आधीची चाचणी, डोळ्यांनी बघता येतं. इथे मताची चिठ्ठी दाखवणारं व्हीव्हीपॅट नसतं, त्यामुळे हे बघणं आणखी महत्त्वाचं. यादीत नावापुढे दोन तारे म्हणजे दुबार मतदार, त्याच्याकडून हमीपत्र घेतात की नाही ते पाहा. वयस्कर मतदार दोन बटणं दाबून बाहेर पडायला निघतात. चारही जागांचं मत, किंवा नोटा, दिल्याशिवाय बीप वाजत नाही. हे दारोदारी फिरतानाच समजावून सांगा, कारण प्रतिनिधीला आत बसून मतदाराशी बोलता येत नाही. अ जागेचा कागद पांढरा, ब फिकट गुलाबी, क फिकट पिवळा, ड फिकट निळा. तुमची बाई 'क' वर असेल तर वस्तीत 'पिवळ्या पट्टीवर' असं सांगा, अक्षरापेक्षा रंग लक्षात राहतो. पुढच्या वेळी रंग तेच आहेत का ते आयोगाच्या आदेशात पाहून मगच पत्रकं छापा.