मदत हवी आहे: दाजींच्या खुनाचा तपास, पोलीस घरच्यांनाच काही सांगंनात

गोदाकाठचा
४१ दिवस झाले. ठाण्यात गेलं की एकच, "तपास चालू आहे, घरी जा." दोघांना उचललंय हे आम्हाला गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. कुठं मारलं, कशानं मारलं हे एका यूट्यूबवाल्यानं ठाण्यासमोर उभं राहून सांगितलं. ताईनं ते भाच्याच्या मोबाइलवर बघितलं. बाहेरच्याला सांगायलेत आन् बायकोला नाही. अर्ज कुणाकडं करायचा? लवकर सांगा, सोमवारी परत जायचंय.

तेरणाकाठ
फिर्याद कुणाच्या नावानं आहे? अटक कोणत्या तारखेची? एफआयआरची नक्कल आहे का?

सोयाबीनवाला
सरळ माहिती अधिकार टाका. मी मोजणीच्या भानगडीत टाकला होता, महिन्यात सगळे ताळ्यावर आले.

वकिली_लातूर
सोयाबीनवाले, मोजणी वेगळी आन् खून वेगळा. तपासाला किंवा आरोपीच्या अटकेला अडथळा येईल अशी माहिती कलम ८ खाली नाकारता येते. अर्ज फेटाळला जाईल, अपिलात महिने जातील.

सोयाबीनवाला
नाकारू द्या की, लेखी नाकारतील ना. तेवढा तरी कागद हातात येतो.

गोदाकाठचा
फिर्याद आमची नाही. शेजारच्या शेतवाल्यानं पहाटे बघितलं, त्याचीच लिहून घेतली. "तुम्ही फिर्यादी नाहीत" म्हणून नक्कल दिली नाही. ठाण्याचं नाव टाकत नाही, ताईला तिथंच जावं लागतंय.

वकिली_लातूर
ही गोष्ट आधी सांगायची होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्यात पीडित या शब्दात कायदेशीर वारसही येतात, म्हणजे तुमच्या ताई पीडित आहेत. कलम १७३ मध्ये नक्कल फिर्यादीला किंवा पीडिताला मोफत द्यायची आहे. कलम १९३ मध्ये तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचं आहे. अर्ज ताईंच्या सहीनं करा, तुमच्या नको. एक प्रत ठाण्यात, एक पोलीस अधीक्षकांना. दोन्हीवर पोच घ्या.

बालाघाट
९० दिवस झाले की आरोपी सुटतात, हे बी सांगा त्यांना.

वकिली_लातूर
सुटत नाहीत. कोठडीतल्या आरोपीवर ९० दिवसांत दोषारोपपत्र गेलं नाही तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. ते ९० दिवस पहिल्या रिमांडपासून, म्हणजे कोर्टानं पहिल्यांदा कोठडी दिली तेव्हापासून, खुनाच्या तारखेपासून नाहीत. कळवायचे ९० वेगळे. घाबरवू नका त्यांना.

निवृत्त_जमादार
दादा, राग समजतो. पण आमची बाजू ऐका. हत्यार कुठं फेकलं ते आरोपी पंचांसमोर दाखवतो, तेवढंच कोर्टात टिकतं. पोलिसांपुढचा कबुलीजबाब टिकत नाही. आधीच गावभर झालं तर बचावाचा वकील म्हणतो, हे तर सगळ्या गावाला ठाऊक होतं, आरोपीनं नवीन काय दाखवलं? ओळखपरेडचंही तसंच, फोटो फिरला की परेड गेली. आणि कडू लागेल, सुरुवातीला घरच्यांवरही नजर असते. म्हणून तोंड बंद ठेवावं लागतं.

गोदाकाठचा
घरच्यांवर नजर? तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ताईला ठाण्यात ४ तास बसवलं, जमीन कुणाच्या नावावर, भांडण व्हायची का. ती भिंतीला टेकून बसली होती, पाणी बी कुणी विचारलं नाही. आन् तोंड बंद आहे तर यूट्यूबवाल्याला कुणी सांगितलं, जमादारसाहेब?

निवृत्त_जमादार
त्याचं समर्थन मी करणार नाही. ते चुकीचंच आहे.

वकिली_लातूर
बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, राहत्या घरीच विचारपूस करायची, कलम १७९. अर्जात हे वेगळं लिहा.

बालाघाट
अर्जानं काही होत नाही इथं. बीडमधल्या मस्साजोगच्या खून झालेल्या सरपंचांचे भाऊ जानेवारी २०२५ मध्ये पाण्याच्या टाकीवर चढले, तपासाची माहिती मिळत नाही म्हणून. तेव्हा कुठं सगळे धावले. सीबीआय मागा.

तेरणाकाठ
ह्या बाईला टाकीवर चढवता का? त्या प्रकरणामागं अख्खा महाराष्ट्र उभा होता. इथं कुणी फिरकणार नाही.

बालाघाट
मग काय, गप बसायचं? मराठवाड्यात जीव स्वस्त झालाय, उगंच बीडला नावं ठेवतात.

कापूसवेचा
भाऊ, दाजींच्या नावावर सातबारा होता का? गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत खूनही बसतो, २ लाख मिळतात. तालुका कृषी अधिकाऱ्याकडं लवकर जा, मुदत असते. एफआयआर लागेलच.

गोदाकाठचा
पैशाचं विचारलं नव्हतं. पण सातबारा आहे. बघतो.

माळावरची
मी ह्यातून गेले आहे, माझा धाकटा भाऊ. एक सांगते. आरोपीनं काय कबूल केलं हे विचारायला गेलं की ते दार लावून घेतात. आपल्या माणसाचं विचारा. पोस्टमॉर्टेममध्ये मरणाचं कारण काय आलं, किती वेळानं सापडला, अंगावरचे कपडे, मोबाइल, पाकीट कुठं आहे. मला दोन वर्षं वाटायचं तो रात्रभर तडफडत पडला असेल. खटल्यात डॉक्टरांची साक्ष झाली तेव्हा कळलं की तसं नव्हतं. ते एक वाक्य पहिल्याच आठवड्यात कुणी सांगितलं असतं तर त्यानं कोणता तपास बिघडला असता? आई तेवढं ऐकायच्या आत गेली.

निवृत्त_जमादार
माई, हे खरंय. आम्हाला कुणी शिकवलं नाही हे.

गोदाकाठचा
ताई हेच विचारती. दाजींचा शेवटचा फोन तिनं उचलला नव्हता, गिरणीत होती. मोबाइल ठाण्यात हाय. तो मिळतो का?

वकिली_लातूर
मुद्देमाल आहे, तपासणी होईपर्यंत नाही. गाडी कोर्टातून सुपुर्दनाम्यावर, म्हणजे सांभाळायच्या लेखी हमीवर, मिळू शकते, मोबाइलला वेळ लागेल. ताईंतर्फे वकीलपत्र मात्र आत्ताच दाखल करा. दोषारोपपत्र गेल्यावर त्याची नक्कल पीडितालाही द्यायची आहे, पण पीडितातर्फे वकील असेल तर. पीएम म्हणजे पोस्टमॉर्टेमचा अहवाल त्यातच असतो. अधीक्षकांकडूनही उत्तर आलं नाही तर मॅजिस्ट्रेटकडं जाता येतं. नीट तपास व्हावा म्हणून ते लक्ष घालू शकतात, सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये साकिरी वसू प्रकरणात सांगितलंय.

गोदाकाठचा (मंगळवार)
काल गेलो. अर्ज ताईच्या सहीचा, पोच मिळाली. दोन तास बसवून एफआयआरची नक्कल दिली. पीएमचं तोंडी बी सांगितलं नाही, "साहेब आल्यावर". नकलेत सापडल्याची वेळ ६ वाजून १० मिनिटं आहे. ताईनं न उचललेला दाजींचा फोन पावणेदहाचा, रात्रीचा. ती मधल्या तासांचा हिशोब करत बसलीय, जेवली नाही. वकीलपत्राला तिला स्वतः कोर्टात यावं लागतं का, का घरी सही चालती?