मदत हवी आहे: मुलीला अ‍ॅक्च्युअरी व्हायचंय, इंजिनिअरिंगची सीट सोडावी का?

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरचा, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, पीसीएम ग्रुप. सीईटीत बऱ्यापैकी पर्सेंटाइल आहेत. मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल चांगल्या कॉलेजात मिळेल, कॉम्प्युटरचं सांगता येत नाही. कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरायला बसलो, तेव्हा म्हणाली, "बाबा, मला अ‍ॅक्च्युअरी व्हायचंय." म्हणजे विम्यातली जोखीम आणि हप्ते यांचं गणित मांडणारी तज्ज्ञ.

तिचा मामा एलआयसीचा एजंट. वय वाढलं की हप्ता एवढा का वाढतो, हे ती त्याला सारखं विचारायची. मग नेटवरून तिने भारतीय विमाधारकांचं मृत्यूदराचं कोष्टक काढलं, 2012-14 चं. तिशीत वर्षाला हजारी एकाहून किंचित कमी, साठीला हजारी अकराच्या आसपास. ते एक्सेलमध्ये घालून तिने टर्म प्लॅनचा हप्ता स्वतः काढला. मामाने दिलेल्या आकड्याशी जुळेना, तर जेवणं झाल्यावरही व्याजदर बदलून बदलून बघत बसली. कंपनीचा खर्च, कमिशन, मध्येच पॉलिसी बंद करणारे, हे सगळं धरावं लागतं हे तिचं तिलाच सापडलं. फिजिक्सच्या पुस्तकापुढे ती अशी रमलेली मी पाहिली नाही, म्हणूनच हे खूळ म्हणून उडवून लावायची माझी तयारी नाही.

मला जे कळलं ते असं. इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्च्युअरीज ऑफ इंडियाची एसेट ही प्रवेश परीक्षा बारावीनंतर देता येते. ती पास झाल्यावर विद्यार्थी सदस्यत्व, आणि मग पेपर. फेलो, म्हणजे पूर्ण पात्रतेची अ‍ॅक्च्युअरी, व्हायला तेराच्या आसपास पेपर. सीएस 1 मध्ये संख्याशास्त्र आणि सोबत कॉम्प्युटरवर आर ही प्रोग्रॅमिंगची भाषा, सीएम 1 मध्ये व्याजाचं आणि आयुर्विम्याचं गणित, त्याला एक्सेल. इथपर्यंत तिला जमेल असं वाटतं. पुढचे स्पेशलायझेशनचे पेपर मात्र नोकरी करत वर्षानुवर्षं चालतात म्हणे. इंजिनिअरिंगला चार वर्षांनी डिग्री हातात पडते. इथे सहा-सात पेपर होऊन माणूस अडकला, तर त्याच्या हातात काय राहतं? हीच माझी खरी धास्ती आहे.

घरात दोन मतं आहेत. बायको म्हणते, बीएस्सी स्टॅटिस्टिक्सला घाला, अभ्यासाला वेळ मिळेल आणि विषयही तोच. माझा कल इंजिनिअरिंग करत करत एसेट आणि पहिले दोन-तीन पेपर द्यावेत, याकडे आहे. पण मेकॅनिकलची प्रॅक्टिकल्स, सबमिशन्स, ड्रॉइंग यात पोरं कशी पिळून निघतात हे आमच्याकडे येणाऱ्या ट्रेनींकडून ऐकतो. त्यात सीएस 1 सारखा पेपर निघेल का? कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया लिहा.

दुसरं, विमा कंपन्या नि कन्सल्टिंगवाले नवीन मुलं घेताना डिग्री कोणती हे बघतात की किती पेपर झाले हे? बीई असल्याचा काही फायदा होतो का? आणि कामं मुंबई, गुरुग्रामकडेच आहेत की पुण्यातही मिळतात? मुलगी बाहेर राहायला तयार आहे, आमचीही हरकत नाही, पण खर्चाचा अंदाज हवा.

तिच्या मामाचं म्हणणं, "विम्यात आहे ना, मग नोकरी पक्की." मला ते पटत नाही. थोडे पेपर झालेली मुलं बरीच आणि पहिली नोकरी मिळायला वेळ लागतो, असं एका ओळखीच्यांनी सांगितलंय. हे कितपत खरं आहे?

फॉर्मची मुदत जवळ आली आहे. कुणी या क्षेत्रात असाल आणि तिच्याशी फोनवर थोडं बोलणार असाल तर व्यनि करा. माझ्यापेक्षा तिचेच प्रश्न जास्त नेमके आहेत, वहीत लिहून ठेवलेत तिने.