हेलन नवऱ्याकडे परत का जाते?

प्रश्न:
अ‍ॅन ब्राँटी यांची ‘द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल’ (१८४८) ही कादंबरी नुकतीच वाचून संपवली. दारुड्या, बाहेरख्याली नवऱ्याच्या तोंडावर खोलीचे दार लावून घेणारी आणि पुढे लहानग्या मुलासह घर सोडणारी हेलन मनात ठसली. मात्र तोच नवरा घोड्यावरून पडून अंथरुणाला खिळल्यावर ती आपणहून त्याच्या शुश्रूषेला जाते, हे मला पटत नाही. अखेरीस लेखिकेने पतिव्रताधर्मापुढे मान तुकवली, असे समजायचे का?

प्रतिसाद १:
मला तसे वाटत नाही. मुलगा आपल्याच ताब्यात राहील असे नवऱ्याकडून लिहून घेऊन, रेचल या जुन्या दाईसमोर त्याची सही झाल्यावरच ती मुलाला बापाजवळ जाऊ देते. कथानक १८२० च्या दशकातले आहे. तेव्हा इंग्लंडमध्ये मुलावर हक्क बापाचाच असे. सात वर्षांखालील मुलांसाठी आईला न्यायालयात दाद मागण्याची सोय झाली ती १८३९ साली, लेखिका कॅरोलाइन नॉर्टन यांच्या चिकाटीमुळे.

प्रतिसाद २:
माझ्या मते कादंबरीचे मर्म हेलनच्या रोजनिशीच्या प्रसंगात आहे. चित्रे विकून पोट भरण्याचा तिचा बेत नवऱ्याला रोजनिशीतून कळतो आणि तो रंग, कुंचले, वॉर्निश सारे चुलाण्यात फेकतो. तेल आणि टर्पेंटाइन ओतताच ज्वाळा धुराड्यात उसळतात. लग्न झालेल्या स्त्रीची कमाई कायद्याने तिची स्वतःची ठरली ती १८७० मध्ये. पुढे हेलन ज्या घरात लपून राहते त्या वाइल्डफेल हॉलचे चित्र काढते, पण माग लागू नये म्हणून त्याखाली भलत्याच जागेचे नाव लिहिते. स्वतःच्या हातच्या चित्रावर खरे नाव घालता येऊ नये, याचे मला फार वाईट वाटते.

प्रतिसाद ३:
नाव लपवण्याचे कारणही कायद्यातच आहे. पळालेल्या पत्नीला नांदायला परत आणण्याचा दावा तिथे नवऱ्याला लावता येत असे. तोच दावा इंग्रजी कायद्यातून आपल्याकडे आला आणि १८८७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रखमाबाईंना नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असे सांगितले. खुद्द इंग्लंडमध्ये ती कैद १८८४ सालीच रद्द झाली होती. म्हणून ओढून नेले जाणे आणि आपल्या अटीवर जाणे यांतला फरक मला महत्त्वाचा वाटतो.

प्रश्नकर्ती:
मनःपूर्वक आभार. सहीचा प्रसंग मी घाईत वाचला होता, तो पुन्हा वाचते. नवऱ्याच्या मृत्यूनंतर गिल्बर्ट या शेतकऱ्याशी तिने केलेल्या दुसऱ्या लग्नाबद्दल मात्र शंका उरतेच. निव्वळ संशयावरून तिच्या भावाला, लॉरेन्सला, चाबकाच्या मुठीने रक्तबंबाळ करणारा हा माणूस तिला सुखात ठेवील, याची खात्री मला वाटत नाही.